सुपर बोल समजून घेऊया: मुलांचे आणि पालकांचे नेहमीचे प्रश्न

दर वर्षी जानेवारी संपत आला की आमच्याकडे हेच प्रश्न फिरून फिरून येतात. काही अमेरिकेत शाळेत जाणाऱ्या मराठी मुलांचे असतात, काही त्यांच्या आईबाबांचे, तर काही नातवंडांबरोबर सामना बघायला बसलेल्या आजीआजोबांचे. उत्तरं आठ-दहा वर्षांच्या मुलाला वाचता येतील अशी लिहिली आहेत. वेळ कमी असेल तर आधी प्रश्न ३ आणि ४ वाचा. या खेळातलं बाकी सगळं तिथून निघतं.

१. सुपर बोल म्हणजे नेमकं काय?

अमेरिकन फुटबॉलच्या सर्वांत मोठ्या व्यावसायिक लीगचा, म्हणजे एनएफएलचा, अंतिम सामना. लीगमध्ये ३२ संघ आहेत. त्यांचे १६-१६ चे दोन गट आहेत: एएफसी आणि एनएफसी. प्रत्येक गटाचा विजेता सुपर बोलमध्ये पोचतो आणि एकाच सामन्यात त्या हंगामाचा विजेता ठरतो. पहिला सुपर बोल १५ जानेवारी १९६७ रोजी लॉस एंजेलिसमध्ये झाला. त्यात ग्रीन बे पॅकर्सनी कॅन्सस सिटी चीफ्सना ३५–१० असं हरवलं. २०२२ पासून हा सामना फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी होतो.

२. आम्ही शाळेत जो फुटबॉल खेळतो, तोच हा खेळ का?

नाही. इथे चेंडू हातात धरून पळता येतं, हातानं फेकता येतो, आणि चेंडू ज्याच्याकडे आहे त्याला धरून खाली पाडता येतं. पायाचा उपयोग अगदी मोजक्या वेळी होतो (प्रश्न ५). एका वेळी मैदानात प्रत्येक संघाचे ११ खेळाडू असतात आणि कितीही खेळाडू कितीही वेळा बदलता येतात. म्हणूनच आक्रमणाचे ११ वेगळे, बचावाचे ११ वेगळे आणि लाथ मारणारे वेगळे असतात.

३. मैदानावर इतक्या रेषा का असतात?

कारण हा खेळ जमीन जिंकण्याचा आहे आणि जिंकलेली जमीन मोजावी लागते.

खेळाचं मैदान १०० यार्ड लांब असतं, म्हणजे साधारण ९१ मीटर. दोन्ही टोकांना १०-१० यार्डांचा एक पट्टा असतो, त्याला एंड झोन म्हणतात. समोरच्या संघाच्या एंड झोनमध्ये चेंडू न्यायचा असतो. रुंदी ५३ यार्डांहून थोडी जास्त, सुमारे ४९ मीटर. दर ५ यार्डांवर आडवी रेष असते आणि दर १० यार्डांवर आकडा लिहिलेला असतो. आकडे १०, २०, ३०, ४०, ५० असे मध्यापर्यंत चढतात आणि पुढे ४०, ३०, २०, १० असे उतरतात. त्यामुळे मैदानात ‘३०’ दोनदा दिसतो. समालोचक ‘स्वतःच्या ३० वर’ म्हणाला तर समोरचा एंड झोन अजून ७० यार्ड लांब आहे. ‘विरोधी संघाच्या ३० वर’ म्हणाला तर फक्त ३० यार्ड उरले आहेत. नवशिक्यांचा सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो.

टीव्हीवर दिसणारी पिवळी रेष, म्हणजे कुठपर्यंत पोचायचं ते दाखवणारी (प्रश्न ४), मैदानावर नसते. ती संगणक चित्रात काढतो. स्टेडियममध्ये बसलेल्यांना ती दिसत नाही.

४. ‘थर्ड अँड सेव्हन’ म्हणजे काय? सारखं काहीतरी असंच बोलतात.

पहिला आकडा म्हणजे कितवा प्रयत्न, दुसरा म्हणजे अजून किती यार्ड हवेत. ‘थर्ड अँड सेव्हन’ म्हणजे तिसरा प्रयत्न, सात यार्ड बाकी.

चेंडू ज्या संघाकडे आहे त्याला १० यार्ड पुढे जायला चार प्रयत्न मिळतात. एका प्रयत्नाला डाऊन म्हणतात. चारांत १० यार्ड झाले की पुन्हा नवे चार प्रयत्न. झाले नाहीत तर चेंडू जिथे असेल तिथे समोरच्या संघाला मिळतो.

वहीत मैदान काढून हे करून बघा. चेंडू स्वतःच्या ३० वर ठेवा.

पहिला डाऊन, १० हवेत: एक खेळाडू चेंडू घेऊन ३ यार्ड पळाला आणि पकडला गेला. चेंडू ३३ वर.
दुसरा डाऊन, ७ हवेत: पास फेकला, पण कोणी झेलला नाही. चेंडू परत ३३ वरच. अंतर वाया गेलं नाही, प्रयत्न मात्र गेला.
तिसरा डाऊन, ७ हवेत: पास झेलला, ९ यार्ड मिळाले. चेंडू ४२ वर.

४० ची रेष ओलांडली, म्हणून पुन्हा पहिला डाऊन, आणि आता नवं लक्ष्य ५२ व्या यार्डावर, म्हणजे विरोधी संघाच्या ४८ वर. तिसऱ्या डाऊनला ९ ऐवजी ५ च यार्ड मिळाले असते तर चेंडू ३८ वर राहिला असता आणि चौथ्या डाऊनला २ हवे असते. मग काय करायचं, हे प्रश्न ५ मध्ये.

तिसरा डाऊन आला की प्रेक्षक उभे राहून ओरडू लागतात, कारण बचाव करणाऱ्या संघाला चेंडू परत मिळवायची संधी तिथेच असते. लहान मुलाला एकच गोष्ट शिकवायची असेल तर हीच शिकवा. बाकीचे नियम सामना बघता बघता येतात.

५. चौथ्या प्रयत्नात चेंडू लाथ मारून समोरच्यांना का देऊन टाकतात? एक संधी उरलेली असते ना!

असते, पण फसली तर किंमत मोठी असते. चेंडू स्वतःच्या ३८ वर आहे आणि २ यार्ड मिळाले नाहीत, तर समोरच्या संघाला तिथूनच सुरुवात मिळते आणि एंड झोन त्यांच्यापासून फक्त ३८ यार्डांवर राहतो. त्यापेक्षा चेंडू उंच आणि लांब मारला, तर तो ४०-४५ यार्ड दूर जातो आणि त्यांना सगळं मैदान पार करावं लागतं. या लाथेला पंट म्हणतात.

दुसरा पर्याय फील्ड गोलचा. चेंडू जमिनीवर धरून गोलखांबांच्या मधून आडव्या दांडीवरून मारायचा. अंतर काढताना चेंडूच्या जागेत १७ यार्ड मिळवा: खांब एंड झोनच्या मागच्या टोकाला असतात म्हणून १०, आणि चेंडू ७-८ यार्ड मागे सरकवून मारतात म्हणून साधारण ७. विरोधी संघाच्या ३० वरून मारलेली लाथ म्हणूनच ४७ यार्डांची होते. जानेवारी १९९१ च्या सुपर बोलमध्ये शेवटच्या काही सेकंदांत बफेलो बिल्सची अशीच ४७ यार्डांची लाथ खांबाच्या उजवीकडून बाहेर गेली आणि न्यूयॉर्क जायंट्स २०–१९ ने जिंकले.

तिसरा पर्याय, धोका पत्करून चौथा डाऊन खेळायचा. एखाद-दुसराच यार्ड हवा असेल, किंवा आपण मागे असून वेळ संपत आला असेल, तर संघ हा मार्ग घेतात.

६. गुण इतके विचित्र का? ३८–३५, ४०–२२…

एका वेळी मिळणारे गुण वेगवेगळे असतात म्हणून. टचडाऊनचे, म्हणजे चेंडू समोरच्या एंड झोनमध्ये नेण्याचे, ६ (प्रश्न ७). टचडाऊननंतर एक जादा संधी मिळते: लाथ मारून १ गुण घ्या, किंवा २ यार्डांच्या रेषेवरून पुन्हा एंड झोनमध्ये शिरून २ गुण घ्या. जादा गुणाची लाथ ३३ यार्डांची असते. फील्ड गोलचे ३.

बहुतेक वेळा टचडाऊन आणि लाथ मिळून ७ होतात, म्हणून ७, १०, १४, १७, २४ असे आकडे जास्त दिसतात. २४ म्हणजे बहुधा तीन टचडाऊन लाथेसह आणि एक फील्ड गोल.

राहिला सेफ्टी, २ गुणांचा. चेंडू असलेला खेळाडू स्वतःच्याच एंड झोनमध्ये पकडला गेला, की गुण बचाव करणाऱ्यांना मिळतात आणि वर चेंडूही त्यांनाच मिळतो. हे क्वचित घडतं. २०१४ च्या सुपर बोलमध्ये मात्र पहिल्याच चालीत घडलं. डेन्व्हर ब्रॉन्कोजच्या सेंटरनं मागे दिलेला चेंडू क्वार्टरबॅक (दोघांची कामं प्रश्न ८ मध्ये) पेटन मॅनिंगच्या बाजूनं निसटून थेट एंड झोनमध्ये गेला आणि १२ सेकंदांत सिअ‍ॅटल सीहॉक्सना २ गुण मिळाले. तो सामना सीहॉक्सनी ४३–८ असा जिंकला.

७. टचडाऊनसाठी चेंडू जमिनीला टेकवावा लागतो का?

नाही. गोलरेषेवर, म्हणजे एंड झोन जिथे सुरू होतो त्या रेषेवर, हवेत एक अदृश्य भिंत उभी आहे असं समजा. हातातल्या चेंडूचं टोक जरी त्या भिंतीला लागलं, तरी टचडाऊन. कबड्डीत पकडलेला चढाईपटू बोटाच्या टोकानं मध्यरेषा शिवला तरी सुटतो, तसंच हे. फरक एवढाच की इथे हात नाही, चेंडू पोचावा लागतो. आणि त्याआधी समोरच्याच्या स्पर्शानं पडून खेळाडूचा गुडघा, कोपर किंवा पाठ जमिनीला लागलेली नसावी.

जानेवारी २००० च्या सुपर बोलची शेवटची चाल मुलांना जरूर दाखवा. टेनेसी टायटन्सचा केव्हिन डायसन चेंडू घेऊन हात लांबवत पडला आणि चेंडू गोलरेषेच्या एक यार्ड अलीकडे राहिला. सेंट लुईस रॅम्सच्या माइक जोन्सनं त्याचे पाय धरून ठेवले होते. रॅम्स २३–१६ ने जिंकले.

८. कोणता खेळाडू काय करतो? सगळे एकदम एकमेकांवर धावून जातात, काही कळत नाही.

आक्रमणाच्या बाजूला मधोमध पाच धिप्पाड खेळाडू असतात, ती ऑफेन्सिव्ह लाइन. मधला सेंटर पायांमधून चेंडू मागे देतो आणि चाल सुरू होते. हे पाच जण समोरच्यांना अडवतात, पण त्यांना धरून ठेवायची परवानगी नसते. मागे क्वार्टरबॅक उभा असतो. तो चेंडू फेकतो, रनिंग बॅकच्या हातात देतो, किंवा स्वतः पळतो. कडेला रिसीव्हर असतात, ते पुढे पळत जाऊन पास झेलतात. बचावात पुढची फळी क्वार्टरबॅककडे घुसते, मधले लाइनबॅकर धावणाऱ्याला अडवतात आणि मागचे रिसीव्हरवर नजर ठेवतात.

क्वार्टरबॅकच्या हेल्मेटवर मागे हिरवा ठिपका असतो. त्या हेल्मेटमध्ये छोटा रेडिओ असतो आणि प्रशिक्षक त्यावरून चाल सांगतात. चाल सुरू करायला १५ सेकंद उरले की रेडिओ आपोआप बंद होतो. बचावातल्या एका खेळाडूच्या हेल्मेटवरही असाच ठिपका असतो, तो शोधून काढा.

एक बारकावा: ५० ते ७९ क्रमांकाच्या खेळाडूला एरवी पास झेलता येत नाही. तो झेलणाऱ्याच्या जागी उभा राहणार असेल तर आधी रेफरीला सांगावं लागतं आणि रेफरी ते सगळ्यांना जाहीर करतो.

९. खेळ ६० मिनिटांचा, मग रात्रीचे चार तास कुठे जातात?

१५-१५ मिनिटांचे चार भाग असतात, पण घड्याळ सारखं थांबतं: झेल चुकला की, गुण झाले की, टाइमआऊट घेतला की, दोन्ही अर्धांची शेवटची दोन मिनिटं उरली की. प्रत्येक संघाला एका अर्धात तीन टाइमआऊट मिळतात. खेळाडू चेंडूसह बाजूच्या रेषेबाहेर गेला तर पहिल्या अर्धाच्या शेवटच्या दोन आणि दुसऱ्या अर्धाच्या शेवटच्या पाच मिनिटांत घड्याळ थांबलेलं राहतं. म्हणूनच मागे असलेला संघ शेवटी कडेकडेनं खेळतो.

एक चाल पाच-सात सेकंदांत संपते आणि पुढची सुरू करायला साधारण ४० सेकंद मिळतात. त्यात जाहिराती आणि लांबलेलं मध्यंतर (प्रश्न १५) मिळवलं की साडेतीन ते चार तास होतात. २०१३ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या स्टेडियममधली वीज गेली आणि खेळ आणखी ३४ मिनिटं थांबला.

१०. पंच पिवळा रुमाल का फेकतात? आणि लाल रुमाल कोणाचा?

पिवळा म्हणजे कोणीतरी नियम मोडला. शिक्षा यार्डांत होते. चाल सुरू होण्याआधी आक्रमणातला खेळाडू हलला, तर ५ यार्ड मागे. आक्रमणातल्या खेळाडूनं समोरच्याला धरून ठेवलं, तर १० यार्ड मागे. सर्वांत महाग पडतो तो बचावाचा पास इंटरफेरन्स, म्हणजे झेल घेणाऱ्याला चेंडू यायच्या आधीच ढकलणं किंवा ओढणं. त्यात चेंडू थेट त्या जागी नेतात आणि नवा पहिला डाऊन देतात. लांबच्या पासवर एका रुमालानं ४० यार्डही जाऊ शकतात.

ज्याच्यावर अन्याय झाला तो संघ शिक्षा नाकारू शकतो. चुकीमुळे शिक्षा लागली, पण त्याच चालीत आपल्याला २० यार्ड मिळाले असतील, तर ५ यार्ड घेऊन काय करायचं?

लाल रुमाल मुख्य प्रशिक्षकाचा. निर्णय मान्य नसेल तर तो मैदानात टाकतो आणि पंच चित्रफीत पुन्हा बघतात. आक्षेप चुकला तर एक टाइमआऊट जातो. दोन्ही अर्धांच्या शेवटच्या दोन मिनिटांत आणि जादा वेळेत लाल रुमाल टाकता येत नाही, तेव्हा तपासणीचा निर्णय वरच्या कक्षात बसलेले अधिकारी घेतात.

११. चेंडू असा टोकदार का? आत काय असतं?

हा आकार काखेत घट्ट बसतो, आणि फेकताना फिरकी दिली की हवा कापत सरळ जातो. बाहेरून गाईचं कातडं, आत हवेचा फुगा. लांबी सुमारे २८ सेंटिमीटर, वजन ३९७ ते ४२५ ग्रॅम. वरची पांढरी शिवण बोटांच्या पकडीसाठी असते. हे चेंडू ओहायो राज्यातल्या एडा गावात विल्सनच्या कारखान्यात बनतात. लाथ मारण्यासाठी वेगळे चेंडू ठेवतात.

१२. अंतिम सामन्यापर्यंत संघ कसे पोचतात?

प्रत्येक संघ १८ आठवड्यांत १७ सामने खेळतो. मग प्रत्येक गटातून ७, असे १४ संघ बाद फेरीत जातात. गटातल्या अव्वल संघाला पहिल्या फेरीत सुट्टी. हरला तो घरी, दुसरी संधी नाही. विजेत्याला सुपर बोल धरून तीन किंवा चार सामने ओळीनं जिंकावे लागतात.

१३. सामना कोणाच्या मैदानावर होतो?

कोणाच्याच नाही. शहर काही वर्षं आधी ठरतं, तेव्हा अंतिम संघ कोणते हे कोणालाच माहीत नसतं. तरी योगायोग घडतो: २०२१ मध्ये टॅम्पा बे बकनीअर्स आणि २०२२ मध्ये लॉस एंजेलिस रॅम्स आपल्याच स्टेडियममध्ये खेळले आणि जिंकले.

१४. सामन्याला रोमन आकडे का? आणि वर्ष एकाने चुकल्यासारखं का वाटतं?

हंगाम सप्टेंबरमध्ये सुरू होतो आणि अंतिम सामना पुढच्या वर्षी होतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये फिलाडेल्फिया ईगल्सनी चीफ्सना ४०–२२ ने हरवलं, पण ते विजेते २०२४ च्या हंगामाचे. हा घोळ टाळायला सामन्यांना क्रमांक देतात. तो सामना ५९ वा होता, रोमन आकड्यांत एल-आय-एक्स: एल म्हणजे ५० आणि आय-एक्स म्हणजे ९. अपवाद एकच, २०१६ चा पन्नासावा. नुसता ‘एल’ लिहिण्याऐवजी तेव्हा साधे ५० लिहिले.

१५. मध्यंतरात गाण्याचा कार्यक्रम का असतो?

एरवी मध्यंतर साधारण १३ मिनिटांचं असतं, सुपर बोलमध्ये जवळपास अर्धा तास. सुरुवातीची अनेक वर्षं विद्यापीठांची बँडपथकं वाजवायची. १९९३ मध्ये मायकल जॅक्सननं कार्यक्रम केला, तेव्हापासून मोठ्या गायकांची प्रथा पक्की झाली. शेकडो माणसं रंगमंचाचे तुकडे चाकांवर ढकलत आणतात आणि काही मिनिटांत जोडतात. गाण्यात रस नसेल तरी ती जोडणी बघा.

१६. भारतातून बघायचा तर किती वाजता? माझी मुलगी नऊ वर्षांची आहे.

सामना न्यूयॉर्कच्या वेळेनुसार रविवारी संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास सुरू होतो. आपल्याकडे तेव्हा सोमवारी पहाटेचे पाच वाजलेले असतात. शाळा असेल तर पहिला अर्ध बघून होईल, उरलेला संध्याकाळी बघा आणि तोवर निकाल तिच्यापासून लपवा. कॅलिफोर्नियात दुपारचे साडेतीन असतात, त्यामुळे तिकडच्या मुलांना पूर्ण सामना बघता येतो. न्यू जर्सीत शेवट व्हायला रात्रीचे दहा-साडेदहा होतात.

१७. डोक्याला मार लागत नाही का? मुलाला खेळू द्यावं का?

लागतो, आणि ही काळजी अगदी रास्त आहे. हेल्मेट कवटी फुटण्यापासून वाचवतं, पण आत मेंदू हलतो तो थांबवू शकत नाही. वारंवार बसलेल्या धक्क्यांचा संबंध पुढे होणाऱ्या मेंदूच्या आजाराशी आढळला आहे. एनएफएलमध्ये मेंदूला धक्का बसल्याची शंका आली तरी खेळाडूला बाहेर काढून तपासतात, आणि धक्का बसल्याचं ठरलं तर त्या दिवशी परत खेळू देत नाहीत. घरच्या अंगणातही हाच नियम ठेवा: डोकं आपटलं आणि मूल गोंधळलं, ओकलं, डोकं दुखतंय म्हणालं, की खेळ बंद आणि डॉक्टरकडे.

लहान मुलांसाठी फ्लॅग फुटबॉल हा चांगला मार्ग आहे. कमरेच्या पट्ट्याला पट्ट्या लावलेल्या असतात. एक पट्टी ओढली की खेळाडू पकडला गेला, पाडापाडी नाही. डाऊन आणि पास तसेच. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये पाच-पाच खेळाडूंचा हा खेळ पुरुष आणि महिला दोघांसाठी आहे.

१८. बरोबरीत सुटला तर?

सुटत नाही, निकाल लागेपर्यंत १५-१५ मिनिटांचे जादा भाग खेळतात. आधीच्या नियमात पहिल्यांदा चेंडू मिळालेल्या संघानं टचडाऊन केला की सामना तिथेच संपायचा. २०१७ मध्ये न्यू इंग्लंड पेट्रिअट्स ३–२८ असे मागे होते. तिथून त्यांनी बरोबरी साधली आणि जादा वेळेत अटलांटा फाल्कन्सना चेंडू मिळायच्या आतच ३४–२८ ने जिंकले. २०२२ मध्ये बाद फेरीचा नियम बदलला: आता दोघांनाही एकेक संधी मिळते, त्यानंतरही बरोबरी असेल तर पुढचा पहिला गुण करणारा विजेता. सुपर बोलमध्ये हा नियम पहिल्यांदा लागला तो २०२४ मध्ये. सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनायनर्सनी फील्ड गोल केला, चीफ्सनी टचडाऊननं उत्तर दिलं आणि सामना २५–२२ ने घेतला.

अपवाद: पहिली संधी घेणाऱ्या संघावरच सेफ्टी झाली (प्रश्न ६), तर सामना लगेच संपतो.

१९. पुढे असलेला संघ शेवटी नुसता गुडघा टेकून का थांबतो?

गुडघा टेकला की चाल संपते, पण घड्याळ चालू राहतं आणि प्रत्येक वेळी ४० सेकंदांपर्यंत जातात. समोरच्यांकडे टाइमआऊट नसतील आणि दोन मिनिटं उरली असतील, तर तीनदा गुडघा टेकला की काम झालं. समोरच्यांकडे टाइमआऊट असतील तर हे गणित बिघडतं. टाइमआऊट जपून ठेवण्याचं महत्त्व इथे कळतं.

२०. चेंडू हातातून सुटला, तरी एकदा ‘फंबल’ म्हणतात आणि एकदा ‘अपूर्ण पास’. फरक काय?

क्वार्टरबॅकचा हात पुढे यायला लागल्यावर चेंडू सुटला तर तो अपूर्ण पास: चाल संपली, चेंडू आधीच्या जागी. हात पुढे यायच्या आधी सुटला तर फंबल: जो उचलेल त्याचा. फरक एखाद्या क्षणाचा असतो, म्हणून पंच चित्रफीत सावकाश फिरवून बघतात. धावणारा खेळाडू समोरच्याच्या स्पर्शानं पडला आणि जमिनीला आपटल्यावर चेंडू सुटला, तर तो फंबल नाही, कारण चाल आधीच संपलेली असते. पण कोणीही न शिवता तो स्वतःच घसरून पडला असेल तर चाल चालू असते. तो उठून पळू शकतो आणि चेंडू सुटला तर फंबलही होतो.

सर्वांत कठोर अपवाद गोलरेषेजवळचा आहे. टचडाऊनच्या अगदी तोंडाशी चेंडू सुटला आणि कोणी उचलायच्या आत समोरच्या एंड झोनमधून बाहेर गेला, तर तो आक्रमण करणाऱ्यांना परत मिळत नाही. बचाव करणाऱ्यांना तो त्यांच्या २० यार्डांच्या रेषेवर मिळतो. हाच चेंडू गोलरेषेच्या एक यार्ड अलीकडे बाजूनं बाहेर गेला असता, तर आक्रमण करणाऱ्यांकडेच राहिला असता.